मागच्या टायरमधलं पाणी काढताना

ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरणं ही आमच्या सोलापूर जिल्ह्यात नेहमीची गोष्ट. गळीत हंगाम सुरू झाला की ओल्या फडातून भरलेल्या ट्रॉल्या सडकेला काढाव्या लागतात. मागच्या चाकावर वजन नसेल तर चाक जागच्या जागी फिरतं, रान उकरतं, टायर झिजतो आणि डिझेल वाया जातं. पाण्याचं वजन जवळजवळ फुकटात मिळतं. शिवाय ते चाकाच्या आतच असल्यामुळं त्याचा भार ॲक्सलच्या बेअरिंगवर येत नाही. हे सगळं खरं आहे आणि ऊस ओढणाऱ्यानं पाणी भरलं तर त्यात काही वावगं नाही.

आमची जमीन मात्र मोहोळ तालुक्यात, कॅनॉलच्या वरच्या अंगाला. म्हणजे जिरायत. खरिपाला थोडी तूर, उडीद, आणि मुख्य पीक रब्बीची ज्वारी. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडीतून निघालं, आणि आमच्या घरात वडिलांच्या आधीपासून तीच पेरली जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि पुढं जमिनीत साठलेल्या ओलीवर काढायची. वरून पाऊस नाही, पाट नाही. मुळं जेवढी खाली जातील तेवढं पीक. म्हणून काळ्या रानाचं दबणं ही आमच्यासाठी छोटी गोष्ट नाही.

मी जुना ट्रॅक्टर घेतला तो ऊस वाहतूक करणाऱ्या एका माणसाकडून. चाळीस एचपीच्या आसपासचा, मागचे टायर १३.६-२८ मापाचे, म्हणजे १३.६ इंच रुंद आणि २८ इंची रिमचे. मागच्या दोन्ही चाकांत पाणी आहे हे त्यानं घेतानाच सांगितलं होतं. पुढं एका पट्ट्यात ज्वारी दरवर्षी लवकर वाळायला लागली, म्हणून तिथं खड्डा खणून पाहिला. नांगराच्या तासाखाली मातीचा थर फरशीसारखा घट्ट झाला होता आणि मुळं त्याच्यावर आडवी पसरली होती. असा थर एकट्या पाण्यामुळं होत नाही. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरणं आणि ओलीत घाई करणं हीसुद्धा त्याची कारणं असतात. पण वरच्या चार-सहा इंचांतलं दबणं टायरच्या हवेवर अवलंबून असतं आणि खोलवरचं दबणं एकूण वजनावर. पेरणी, कुळवणी, फवारणी अशा हलक्या कामांना आपण चारशे किलोहून जास्त वजन उगाच रानातून हिंडवतोय, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना.

पाणी काढायचं ठरवण्याआधी एक मापन केलं, आणि ते प्रत्येकानं करावं असं मला वाटतं. मागच्या टायरवर खडूनं खूण करायची. अवजार वर उचलून, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर किती अंतर गेला ते मोजायचं. मग त्याच रानात, त्याच गिअरमध्ये, अवजार मातीत घालून पुन्हा दहा फेऱ्यांचं अंतर मोजायचं. दुसरं अंतर जेवढ्या टक्क्यांनी कमी भरेल तेवढी स्लिप, म्हणजे चाकाचं जागच्या जागी फिरणं. मऊ रानात दहा-पंधरा टक्के स्लिप चालते. ती पाचाच्या खाली असेल तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे असं धरायला हरकत नाही. माझी पेरणीची स्लिप जेमतेम हाताला लागत होती.

दुसरी गोष्ट चाक बघताना ध्यानात आली. व्हॉल्व्हच्या भोकाभोवती रिमवर पांढरट पापुद्रा होता. बोअरच्या जड पाण्याचा क्षार मी ओळखतो. तो कोरडा असतो, नखानं भुकटी होते. हा मात्र सकाळी ओलसर असायचा आणि बोटाला बुळबुळीत लागायचा. त्याच्या कडेचा रंग उडून लोखंड फुगलं होतं. मोहोळला आमचे नेहमीचे टायरवाले चाचा आहेत. त्यांनी चाकाकडं एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "मालक, ह्यात निस्तं पाणी न्हाई. केमिकल हाय ह्यात. लोखंड खातंय बगा."

ते केमिकल म्हणजे कॅल्शियम क्लोराईड. थंड देशांत टायरातलं पाणी हिवाळ्यात गोठू नये म्हणून ते मिसळतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, इथं गोठण्याचा प्रश्नच नाही. पण ह्या द्रावणाचा दुसरा गुण असा की ते पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्यानं जड भरतं. तेवढ्याच टायरात जास्त वजन बसतं. हवेतली ओल ओढून घेणं हा त्याचा स्वभाव, म्हणून तो पापुद्रा कधी पुरता वाळत नव्हता. ट्यूब धड असेल तोवर ते रिमला लागत नाही. व्हॉल्व्हजवळ जरा झिरपलं की लोखंडाला गंज धरतो, आणि तो बाहेरून दिसायच्या आधी आतून पसरलेला असतो.

खात्री करायला व्हॉल्व्ह खाली आणून थोडं द्रावण बाटलीत घेतलं. किराणा दुकानातल्या काट्यावर बाटलीचं वजन वजा करून लिटरभर द्रावण बाराशे ग्रॅमच्या जवळ भरलं. साधं पाणी हजार भरलं असतं. त्यातलं थोडं काचेच्या पेल्यात घेऊन धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलं, तर दही विरजल्यागत पांढरा गाळ झाला. बोअरच्या पाण्यात सोडा घातला की नुसती धूसर छटा येते, एवढा गाळ येत नाही. ही परीक्षा घरी होते आणि पुढची सगळी तयारी तिच्यावर ठरते. साधं पाणी असेल तर ते बांधाला सोडून दिलं तरी चालतं. हे द्रावण सोडता येत नाही.

१३.६-२८ च्या एका टायरात व्हॉल्व्ह वर ठेवून भरलं तर पावणेदोनशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. द्रावणाच्या हिशेबानं एका चाकात दोनशे किलोच्या वर. दोनशे लिटरचे निळे प्लास्टिकचे बॅरल आणून ठेवले. लोखंडी बॅरल ह्या कामाला घ्यायचा नाही. रबरी हातमोजे, चष्मा आणि शेजारी स्वच्छ पाण्याच्या भरलेल्या बादल्या. हे द्रावण हाताला लागलं तर लगेच काही होत नाही, पण कातडं कोरडं पडतं आणि कुठं खरचटलं असेल तर चांगलंच झोंबतं. चाचांच्या हाताखालच्या पोरानं आधी मोजे घालायला टाळाटाळ केली, मग बोटाच्या चिरेत थेंब गेल्यावर आपणहून घातले.

ट्रॅक्टर शेडपुढच्या काँक्रीटवर लावला. मातीवर जॅक लावायचा नाही, तो बसत जातो. इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. टायर रिकामा करताना चाक हातानं फिरवावं लागतं. म्हणजे गिअर न्यूट्रल आणि ब्रेक सोडलेला. ट्रॅक्टर जागेवर धरून ठेवायला दुसरं काहीच उरत नाही, त्यामुळं पुढच्या दोन्ही चाकांना आणि जमिनीवर असलेल्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी भक्कम लाकडी ठोकळे ठोकून लावले. जॅकनं उचलल्यावर ॲक्सलच्या घराखाली बाभळीच्या ओंडक्यांचा टेकू दिला. विटा रचून टेकू देणारे मी पाहिलेत. वीट भाराखाली अचानक फुटते. एका वेळी एकच बाजू उचलायची. आणि टायर जमिनीवर टेकलेला असताना पाणी काढायचं नाही. वजनाखाली रिकामा टायर दबला की ट्यूब रिमच्या कडेत चिमटते.

व्हॉल्व्ह आधी पार वर आणला, घड्याळाच्या काट्यानं म्हटलं तर बारा वाजता. टायरमध्ये वरच्या भागात हवा दाबून भरलेली असते, ती आधी सोडावी लागते. व्हॉल्व्हची बारीक पिन काढताना तोंड बाजूला ठेवायचं. दाबानं पिन सुटून आली तर डोळा जाऊ शकतो, आणि हवेबरोबर द्रावणाचे तुषारही उडतात. हवा पूर्ण गेली, फुसफुस थांबली, तेव्हाच चाचांनी पिनीच्या बाहेरचा मोठा पितळी तुकडा काढला. पाणी भरायच्या ट्रॅक्टर ट्यूबला व्हॉल्व्ह असा दुहेरी असतो. आतल्या पिनीतून हवा भरायची आणि तो तुकडा काढला की पाण्यासाठी मोठं भोक मोकळं होतं. इतक्या वर्षांनी तो गंजून धरला होता. रॉकेल सोडून, थोडा वेळ मुरू देऊन, मग पान्ह्यानं हळूहळू हलवला.

नळी जोडली, नळीचं दुसरं टोक बॅरलमध्ये सोडलं आणि चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणला. धार सुरू झाली. गढूळ, पिवळट तांबूस. थोड्या वेळानं ती बारीक होऊन थांबली. पाणी संपलं म्हणून नव्हे. द्रावण बाहेर जातं तशी ट्यूब आतल्या आत मिटते आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर येऊन बसते. कंप्रेसरची थोडी हवा मारली की ट्यूब फुगते, तोंड मोकळं होतं आणि पुन्हा धार लागते. असं थांबत, हवा मारत बराच वेळ गेला. घाई करून जास्त दाब दिला तर नळी निसटून सगळं अंगावर येतं, म्हणून दाब दहा-बारा पौंडांवर जाऊ दिला नाही.

पुढं नळीतून येणं अगदीच बंद झालं. इथं पुष्कळ जण काम झालं असं समजतात. पण चाक हलवून बघितलं तर आत खळखळ ऐकू येत होती. ह्याचं कारण साधं आहे. व्हॉल्व्ह रिमवर असतो, टायर रिमच्या खालीही पाऊण-एक फूट असतो. व्हॉल्व्ह खाली आणला तरी त्याच्यापेक्षा खालचं पाणी तिथंच राहतं. भरताना व्हॉल्व्ह वर ठेवून भरलं तर टायरचा साधारण पाऊण भाग भरतो, कारण रिमच्या वरचा पाव भाग हवेसाठी उरतो. काढताना तोच पाव भाग खालच्या बाजूला अडकतो. म्हणजे भरलेल्या द्रावणाचा चक्क तिसरा हिस्सा आतच. आमच्या हिशेबात पन्नास-साठ लिटर.

चाचांची ह्यावरची युक्ती मला फार आवडली. तीन तोंडांची पितळी टी घेतलेली, तिचं एक तोंड व्हॉल्व्हवर बसतं. सरळ तोंडातून ठिबकची बारीक नळी आत सारायची, ती टायरच्या तळापर्यंत जाईल एवढी लांब. नळीभोवतीची फट रबरी वायसरनं घट्ट करायची आणि टीच्या आडव्या तोंडातून कंप्रेसरची हवा सोडायची. आत हवेचा दाब वाढला की द्रावण बारीक नळीतून वर चढतं आणि बाहेर पडतं. धार अगदी बारीक येते. चाचा एवढंच म्हणाले, "ह्याला येळ द्या. निगतंय सगळं." आणि शेवटी नळीतून फुसफुस करत नुसती हवा यायला लागली तेव्हा चाक हलवल्यावर आवाज येत नव्हता. आता नवी ट्यूब घालायची नसती तर इथं काम संपलं असतं.

पण रिमचं काय झालंय ते मला बघायचं होतं. आधी चाकाचे नट काढून चाक उतरवलं. पाणी काढल्यामुळंच हे दोघा-तिघांना जमलं. भरलेलं चाक कलंडलं तर ते धरायचा प्रयत्न कुणीही करू नये, पाय मोडतो. मग टायरची कड रिमपासून सोडवायची. जुना टायर रिमला गंजानं चिकटलेला होता. साबणाचं पाणी सोडून, लोखंडी पट्ट्या घालून, वरून घणाचे मोजके ठोके देत कड सुटली. ट्यूब बाहेर आली ती व्हॉल्व्हच्या बुडाशी ताठ आणि कडक झालेली. झिरपणं तिथूनच होत होतं.

रिम उलटं करून धुतलं तेव्हा व्हॉल्व्हच्या भोकाभोवती हाताच्या तळव्याएवढ्या जागेत लोखंड पापुद्र्यांनी सुटत होतं. दुसऱ्या चाकाचं रिम बरं निघालं. खराब जागा तारेच्या ब्रशनं खरवडून, हातोडीनं ठोकून पाहिली. खाली लोखंड शाबूत होतं, भोकाची कड तेवढी खाल्ली होती. मोहोळच्या लेथवाल्याकडं ती भरून घासून घेतली. वेल्डिंगबद्दल मला इथं ठासून सांगायचंय. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग करू नका. हवा काढलेली असली, व्हॉल्व्ह उघडा असला तरी नको. उष्णतेनं आतल्या रबराचा वायू होतो, तो पेटतो आणि टायर बाँबसारखा फुटतो. टायर उतरवून रिम मोकळं करायचं आणि मगच वेल्डिंग.

मग भरपूर साध्या पाण्यानं दोन्ही रिमं पुन्हा पुन्हा धुतली. क्षार राहिला तर रंगाखालून गंज परत येतो. पुरती वाळल्यावर रेड ऑक्साईड आणि वरून रंग. आतल्या कोपऱ्यांत, टायरची कड बसते त्या खोबणीत, रंग नीट पोचला पाहिजे. टायर आतून धुऊन सावलीत वाळवले, आतून बोट फिरवून तार, काटा, बाभळीचं कूस राहिलंय का ते पाहिलं. नव्या ट्यूब टाकल्या. कडेला साबणाचं पाणी लावून टायर चढवला आणि कड रिमवर बसेपर्यंत हवा मारली. कड बसवताना दाब पस्तीस पौंडांच्या वर न्यायचा नाही. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडून, पुन्हा साबण लावून, टायर सरळ करून परत मारायची. जबरदस्तीनं दाब वाढवत नेला तर टायरची कड तुटून माणूस जाऊ शकतो. चाचांनी हवा मारताना लांब नळी लावली आणि आम्हा सगळ्यांना चाकापासून बाजूला उभं केलं.

राहिला बॅरलचा प्रश्न. हे द्रावण ओढ्यात सोडायला एका शेजाऱ्यानं सुचवलं होतं. मला ते पटलं नाही. रानात ओतावं तर आमच्या काळ्या रानात निचरा मुळातच कमी, त्यात क्लोराईड घातलं तर ती जागा पुढं कित्येक पावसाळे धड पीक देणार नाही. खालच्या अंगाला द्राक्षाची बाग आहे, आणि द्राक्षाला क्लोराईड फार बाधतं. ओढ्याकाठी विहिरी आहेत. पंढरपूरकडचे आमचे तात्या अजून ऊस ओढतात. त्यांच्या टायरांना नव्या ट्यूब आहेत आणि त्यांना वजन हवंच होतं. झिरपलं तर रिमला काय होतं हे त्यांना आमचं जुनं रिम समोर ठेवून दाखवलं आणि व्हॉल्व्हभोवती पांढरं दिसलं की लगेच ट्यूब बदलायची असं ठरवून बॅरल त्यांच्याकडं दिले. गाळ बसलेलं तळाचं थोडं द्रावण झाकण लावून शेडमध्ये ठेवलं होतं, तेही नंतर तेच घेऊन गेले.

रिकाम्या टायरांवर ट्रॅक्टर चालवताना पहिला फरक जाणवतो तो बसणाऱ्याला. पाणी असताना टायरात हवेला जागाच कमी असते, त्यामुळं प्रत्येक दगडाचा दणका कमरेत बसायचा. आता चाक दणका सोसतं. रानात हवा बारा पौंडांच्या आसपास ठेवतो, सडकेला ट्रॉली घेऊन जायचं असेल तर सोळापर्यंत. दाब कमी ठेवायचा म्हणून वाटेल तेवढा कमी करायचा नाही. फार कमी झाला की टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह उपटतो. खडूनं टायर आणि रिम ह्यांवर एकच रेघ मारून ठेवलीय. ती जुळेनाशी झाली की समजायचं, टायर सरकतोय. चाकाचे नट पहिल्या कामानंतर पुन्हा आवळले. नवीन रंगावर बसलेले नट थोडे ढिले होतातच.

कुणाला पाणी काढायचं असेल तर त्यानं आधी आपलं काम बघावं. उसाच्या भरल्या ट्रॉल्या ओढायच्या असतील, त्यातही घाटाच्या किंवा उताराच्या रस्त्यानं, तर काढू नका. मागची चाकं हलकी झाली की उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला पुढं ढकलते आणि ब्रेक धरत नाही.

पेरणीला स्लिप पुन्हा मोजली. पाच टक्क्यांच्या वर, दहाच्या आत आली. कुळवणीलाही तशीच. पलटी नांगराला मात्र ती वीसच्या पुढं गेली, तेव्हा तेवढ्यापुरती मागच्या चाकांना चाळीस-पन्नास किलोची लोखंडी वेटं लावली, स्लिप पंधरापर्यंत खाली आली. नांगरट झाली की ती उतरवतो. त्याला दोन माणसं आणि एक पान्हा पुरतो.